ठोकळ्याची पाठवणी

आमच्या घरमालकांना रिकामं काही सोसायचं नाही. घासून उन्हात ठेवलेला डबा असो की दाराशी टेकवलेली बादली असो, जिन्यावरून जाता जाता हे गृहस्थ थांबणार, सदऱ्याच्या खिशातून ज्वारीचे चार दाणे काढणार, त्यात टाकणार आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वर माडीवर निघून जाणार. शुक्रवार पेठेत त्यांच्या घरात आम्ही बिऱ्हाड मांडलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी भांडले. चिंचेनं लख्ख घासलेली माझी तांब्याची घागर, नळाच्या पाण्याची वाट बघत ठेवलेली, आणि तिच्या बुडाशी ज्वारी. मी तशी तोंडाची फटकळ. माहेर शाहूवाडीकडचं, तिकडं हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकतच नाही. जिन्याखाली उभी राहून मी त्यांना खडसावलं, की मालक असाल तर भिंतींचे असाल, माझ्या भांड्यांचे नाही.

ते शांतपणे खाली आले. गुडघे दुखायचे त्यांचे, म्हणून प्रत्येक पायरीला 'शिवा, शिवा' म्हणत उतरायचे.

"वैनी, रिकामा पाळणा हलवत न्हाईसा न्हवं तुमी?"

मी म्हटलं, नाही हलवत.

"मग घागरीनं काय घोडं मारलंय?"

एवढं बोलून पुन्हा 'शिवा, शिवा' करत वर. मी ज्वारी काढून चिमण्यांना टाकली. दुसऱ्या दिवशी घागरीत परत ज्वारी. शेवटी मी हात टेकले.

चपलांचं तेच. दाराबाहेर काढलेली चप्पल सरळ दिसली की ते ती आडवी करून ठेवायचे. पाहुणे आले की निघताना अर्धा तास चपला शोधण्यात जायचा. रिकाम्या खोलीत शिरायच्या आधी खाकरायचे. मी एकदा चिडून विचारलं, आत कुणी नाही तर खाकरता कुणासाठी? तर म्हणाले, "कोन न्हाई म्हंजे कोन तर यायचं असतंय की." हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम. चेष्टेनं नाही म्हणायचे. दूधवाला अजून यायचाय म्हणावं तितक्या सरळपणे म्हणायचे.

एक मात्र होतं. घरात आलेलं प्रत्येक खोकं त्यांचं. हा भाड्याचा अलिखित करार. आम्ही टीव्ही घेतला तर टीव्हीला वायर जोडायच्या आधी खोकं माडीवर पोचलं होतं. माडी पत्र्याची, आणि तिथं काय आहे ते बघायला जायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. मी गेले होते एकदा, वाळवणाचं निमित्त करून. भिंतीशी ओळीनं डोकी मांडलेली. माणसांची, वाघांची, एक हत्तीचं. सगळी पुठ्ठ्याची आणि सगळी भिंतीकडं तोंड करून. एक मी वळवून पाहिलं, तर डोळ्यांच्या जागी पांढरा चुना फासलेला. मी ते होतं तसं ठेवलं आणि पापडाचं सूपही तिथंच विसरून खाली आले.

समोरच्या मुल्लाभाभी कपडे शिवायच्या, आणि गल्लीच्या गोष्टीही त्यांच्याकडं मापासकट मिळायच्या. त्यांनी सांगितलं, की मालक तरुणपणी गणपतीत मंडळांचे हलते देखावे करायचे. पुठ्ठ्याच्या माणसांना ट्रकच्या वायपरची मोटर लावून हात-मान हलवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला जमायचं नाही. पेठापेठांतून लोक बघायला यायचे. एका वर्षी त्यांनी कंदील घेतलेला पहारेकरी केला. कंदिलाचा हात वर जायचा, खाली यायचा. अनंतचतुर्दशीला ट्रकवाला आपली मोटर काढून घेऊन गेला, मिरवणूक निघायची होती, मांडवात दुपारची सामसूम. आणि पहारेकऱ्यानं हात वर केला. एकदाच. चार-पाच पोरांनी पाहिलं आणि ती हसली. मालक हसले नाहीत. त्यांनी चुना आणून त्याचे डोळे बुजवले आणि पुढच्या वर्षीपासून एकाही मंडळाचं काम घेतलं नाही.

"वाऱ्यानं हलला असेल," आमचे हे म्हणाले. हे शिरोलीला फाउंड्रीत. वितळलेल्या लोखंडाशी रोजची गाठ, त्यांना असल्या गोष्टींचं हसूच यायचं. मीही मान डोलावली. पुठ्ठ्याचा हात तो, हलायला काय लागतंय.

आमची पुनी तेव्हा दुसरीत होती. धाकट्या दिरानं मुंबईहून तिला व्हिडिओ गेम आणून दिला. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट खोचायची आणि दोन्ही अंगठ्यांनी बटणं बडवायची. त्यातला एक निळा माणूस तिचा जीव की प्राण. डोकं खोक्यासारखं चौकोनी, डोळे चौकोनी, भुयारातून किल्ल्या शोधत हिंडायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं ठोकळ्या. बटण दाबलं नाही तरी तो थांबायचा नाही. या भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, त्या भिंतीपर्यंत जायचा, वळायचा. खड्ड्यात पडला किंवा कशाला धडकला की खाली बसायचा, नाहीसा व्हायचा, आणि पुन्हा पहिल्या दारापाशी उभा. त्याला पोरं म्हणत, एक लाईफ गेलं. अशी सगळी लाईफ गेली की पडदा काळा.

मालक एकदा उंबऱ्यात बसून हे बघत होते. बराच वेळ बघितलं.

"ह्यो मेला न्हवं आता?"

पुनी म्हणाली, मेला.

"मग उभा ऱ्हायला त्यो कोन?"

"तोच की आजोबा."

"आन आत कोन हाय त्येच्या?"

पुनी हसायला लागली. म्हणाली, आत कुणी नसतं, नुसतं चित्र आहे. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून थोडं उभे राहिले आणि मला म्हणाले, की ह्याला डोळे आहेत, आत कुणी नाही, आणि मेल्यावर ह्याला कुणी निरोप देऊन वाटेला लावूनही देत नाही. जाताना टीव्हीवर ज्वारी ठेवून गेले. संध्याकाळी ह्यांनी ती पाहिली आणि हसून हसून ह्यांना ठसका लागला.

शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं. फॅन्सी ड्रेसमध्ये कुणी कोळीण, कुणी भाजीवाली, कुणी नऊवारीतली राणी. पुनी हटून बसली, मी ठोकळ्याच होणार. मी मालकांना विचारलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं, आपण ते काम सोडलंय. पुनी ऐकते कुठली! शाळेतून आली की दप्तरासकट जिन्याखाली उभी राहायची. एके दिवशी वर तोंड करून तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला येत नाही का?" हे त्यांना लागलं. शिवा, शिवा करत खाली आले आणि सुतळीनं तिच्या डोक्याचं, खांद्यांचं, हाताचं माप घेऊन गेले.

करताना मात्र त्यांचं तेज बघत राहावं असं होतं. कुणाच्या तरी फ्रिजचं खोकं मिळवलं. मैद्याची खळ शिजवली, झुरळं लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घातला. पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचे थरावर थर चढवले, पण त्याआधी कागदांतले सगळे फोटो फाडून काढले. "बातम्या चालत्यात," म्हणाले, "तोंडं नगत." चौकोनी डोकं, छातीचं खोकं, हातांना कोपरापर्यंत निळे डबे आणि पुढं पुठ्ठ्याचे जाड पंजे. आतला पायजमा मुल्लाभाभींनी शिवला. तोंडाच्या फटीला काळी जाळी लावली होती, पुनीनं तिथून बघायचं. डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे चौकोन. मापाची सुतळी त्यांनी माझ्यादेखत चुलीत घातली.

तेवढ्यात गारगोटीहून निरोप आला, अक्का आजारी आहे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न त्यांनी केलं नव्हतं, सगळं नातं तेवढंच. निघताना त्यांनी मला वाटीत काळा रंग आणि ब्रश दिला आणि तेच तेच पुन्हा पुन्हा बजावलं.

"आधी पोर आत. मग डोळं. शाळंत गेल्यावर काढा, वाकडं झालं तर चालतंय. पर रिकाम्याला डोळं काढू नगासा."

मी हो म्हटलं. संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मी इस्त्रीला कपडे टाकायला गेले होते. आमचे हे कामावरून आले, तर पुनी त्या बिनडोळ्याच्या डोक्यापुढं बसून रडत होती, की हा ठोकळ्या वाटतच नाही. आणि आमचे हे म्हणजे सगळं आदल्या दिवशी तयार ठेवणारे. साच्यात रस ओतायच्या आधी साचा सुकलेला हवा, हा त्यांचा आयुष्याचा नियम. उद्या शाळेत घाईगर्दीत रंग वाळणार कधी, असा सरळ हिशेब करून त्यांनी डोळे काढले. काढले मात्र सुरेख, पट्टी धरून. मी परत आले तेव्हा तो अख्खा ठोकळ्या ट्रंकेवर बसवलेला आणि बापलेक टाळ्या पिटत होती. मी बोलले त्यांना चार शब्द. पण झालं ते झालं, पोर हसतेय, असं म्हणून मीही गप्प बसले.

सकाळी त्याचं तोंड दाराकडं होतं. मला वाटलं ह्यांनी वळवलं. ह्यांना वाटलं मी.

स्टेजवर पुनीनं दोन वाक्यं बोलायची होती. आम्ही ती घोकून घेतली होती. बाईंनी नाव पुकारलं, ती आली आणि एक शब्द बोलली नाही. चालायला लागली. स्टेजच्या या कडेपर्यंत, वळली, त्या कडेपर्यंत, वळली. लोक हसले, टाळ्या पडल्या, मागून कुणीतरी ओरडलं की हुबेहूब. मीही टाळ्या वाजवल्या. मग मागं वाजणारा बाजा थांबला. ती चालतच होती. टाळ्या विरल्या तरी चालत होती. आणि माझे हात आपोआप खाली आले, कारण पुनीची चाल मला पाठ आहे. माझी पोर डावा पाय जरा आत टाकते, चपलेची आतली कड झिजते तिची. स्टेजवर चालत होतं ते दोन्ही पाय सरळ टाकत होतं.

पहिला नंबर मिळाला. स्टीलचा डबा. तो ह्यांनीच जाऊन घेतला.

घरी आणून डोकं उतरवलं. आत पुनीच होती, केस घामानं चिकटलेले, डोळे उघडे. मी हाक मारली. ओ नाही. अंगावरचा सगळा पुठ्ठा काढून तिला फ्रॉक घातला, तो तिनं घालून घेतला आणि बाहेरच्या सोप्यात चालायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घास तोंडात दिला तर गिळायची. अंथरुणावर निजवलं तर पडून राहायची, डोळे मात्र मिटायची नाही.

मी वाटेत उभी राहून तिला मिठीत धरलं. तशी ती खाली बसली. अंगातला सगळा जोर गेल्यासारखी बसली, डोळे मिटले. मग उठली, माझ्या हातातून निसटून दारापाशी गेली, आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून चालायला लागली.

हा खेळ मी रोज बघत होते. धडकलं की एक लाईफ जातं, आणि लाईफ संपत येतात, हे पुनीनंच मला शिकवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, स्टेजची धास्ती घेतलीय, टॉनिक देतो. त्यांनी नाडी बघायला मनगट धरलं, तर ती खाली बसली. या वेळी उठायला तिला जास्त वेळ लागला. गावाहून धावत आलेल्या सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, मुल्लाभाभींनी दर्ग्यातून पाणी फुंकून आणलं. मी सगळ्यांना येऊ दिलं, पण कुणालाही तिला हात लावू दिला नाही. ह्यांना नाही की सासूबाईंना नाही. पोटची पोर समोरून जातेय, येतेय, आणि मी साडीचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला चिकटून उभी आहे, की चुकून धक्का लागायला नको. हे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळावं. आमचे हे, ज्यांना कशाचंच भय नव्हतं, ते कोपऱ्यात बसून स्वतःच्या हातांकडं बघत असायचे.

मालक गारगोटीहून आले ते थेट आमच्या दारात. खाकरले नाहीत, चपला आडव्या केल्या नाहीत. पुनीकडं बघितलं. मग ट्रंकेवर ठेवलेल्या त्या डोक्याकडं बघितलं.

"डोळं कुनी काढलं?"

हे म्हणाले, मी. मला वाटलं आता रागावतील. पण ते ट्रंकेसमोर बसले आणि साधेपणानं म्हणाले, की तुम्ही दार उघडून ठेवलंत, पाटावर बसवलंत, मग पाहुणा येणारच, त्याचा काय दोष. आता आलेल्याला जेवायला घालून रीतसर लावून द्यायचं. त्याला आजवर कुणी असं लावून दिलेलं नाही, म्हणून तर बिचारा परत परत दारात उभा राहतोय.

त्यांनी ठोकळ्याला पाटावर बसवलं. भटजींचं त्यांना काही येत नव्हतं, पण मांडवात जन्म घालवलेला, गणपतीची उत्तरपूजा कितीदा बघितलेली. हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. पुठ्ठ्याच्या पंजावर दही घातलं, वाटेची शिदोरी म्हणून. मग पाट जागचा थोडा हलवला. पाट हलला तशी चालणारी पुनी थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थांबली. मला ओरडावंसं वाटलं, पण मालकांनी नुसता हात वर केला.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर घेऊन सांगितलं, आणि आवाज इतका बारीक होता की कान द्यावा लागत होता. आपल्यात जाणारा माणूस कधी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आपण त्याला या म्हणतो. देवाला तर पुढच्या वर्षाचं आवतण देऊनच पाण्यात सोडतो. "ह्येला तसलं कायबी म्हनायचं न्हाई. ह्येला जा म्हनायचं. जमत नसंल तर त्वांड गच्च मिटून ऱ्हावा."

भर दुपारी आम्ही पंचगंगेवर गेलो. घाटावर कुणी म्हशी धूत होतं, कुणी चादरी आपटत होतं. मालक ठोकळ्याला कडेवर घेऊन पाण्यात उतरले, कमरेपर्यंत. पुनी माझ्याजवळ पायरीवर उभी, मी तिच्या फ्रॉकचं टोक दोन बोटांत धरलेलं. पुठ्ठा आधी तरंगला. मग पाणी शिरलं, खळ सुटली, निळा रंग पाण्यात पसरायला लागला. छाती मऊ पडून बसली, हात गळाले. डोकं मात्र बराच वेळ वर राहिलं, तोंड आमच्याकडं करून. मालक त्याला वाकून 'जा' म्हणाले. ह्यांनीही म्हटलं. मी म्हटलं. डोकं कलंडलं, एक डोळा पाण्याखाली गेला, मग दुसरा.

आणि माझ्या हातातला फ्रॉक ओढला गेला. पुनीनं डोळे चोळले, नदीकडं बघितलं, आणि दर वर्षी याच पायरीवर उभी राहून जे ओरडायची ते खणखणीत आवाजात ओरडली.

"पुढच्या वर्षी लवकर या!"

बोलली! माझी पोर बोलली! मी तिला उचलली, छातीशी धरली, तिचे मुके घेतले, आणि ती खाली बसली नाही, उलट 'आई, गुदमरतंय' म्हणून ओरडली. हे रडत होते, मी रडत होते. म्हशी धुणारासुद्धा हात थांबवून बघत राहिला. आनंदात आम्ही विसरूनच गेलो की ती बोलली काय.

मालक पाण्यातच उभे होते. आमच्याकडं पाठ करून. मी हाक मारली तरी लवकर वळले नाहीत.

ते वर्ष चांगलं गेलं. पुनी पूर्वीपेक्षा जास्त बडबडायला लागली, व्हिडिओ गेम आम्ही दिराला परत करून टाकला. मालक मात्र बोलायचे कमी झाले. माडीवरची डोकी त्यांनी एकेक करून नदीत सोडली. आणि मोठी खोकी जमवायला लागले. मी चेष्टा केली, की आता काय घर बांधताय पुठ्ठ्याचं? ते खोकं उचलून वर घेऊन गेले. रस्त्यात पुनी दिसली की तिच्या पायांकडं बघायचे. मलाही मग ती सवय लागली. संमेलनाचे दिवस जवळ यायला लागले तशी तिच्या चपलेची आतली कड मी रोज उलटून बघायची.

एक दिवस ते खाली आले आणि म्हणाले, पोरीला मामाकडं धाडा शाहूवाडीला. मी विचारलं किती दिवस, तर म्हणाले मी सांगेपर्यंत. एरवी मी हुज्जत घातली असती. त्या दिवशी मुकाट्यानं तिची पिशवी भरली. मग त्यांनी मला आणि ह्यांना वर बोलावलं. मोकळ्या झालेल्या माडीत मधोमध एक ठोकळ्या बसवला होता. मोठ्या माणसाच्या मापाचा. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चौकोन.

"हे कुणासाठी?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"पोरीनं आवतन दिलंया. त्ये येनार. आल्यावर दार उघडं घावलं न्हाई तर वळखीच्या घरात जातंय, पोरीतच." ते ह्यांच्याकडं वळले आणि काळ्या रंगाची वाटी पुढं केली. "डोळं तुमीच काढा. तुमचाच हात वळखीचा हाय त्येला."

आमच्या ह्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. मी म्हटलं, मालक, काहीतरी दुसरं करू, परत उत्तरपूजा करू, परत नदीवर नेऊ. त्यांनी मान हलवली. एकदा बोलावून घेतलेलं असं किती वेळा लावून देणार, आणि पोरं गणपतीला ओरडायची काय थांबणार आहेत? "माझ्यात बसलं की माझ्यासंगट जाईल. माझी लाईफ ऱ्हायल्यात किती," म्हणाले आणि थोडे हसले. हा शब्द त्यांनी पुनीकडून घेतला होता. मग माझ्याकडं बघून म्हणाले, की वैनी, एवढंच करा, मला कधी या म्हणू नगासा.

ह्यांनी डोळे काढले. आम्हाला त्यांनी खाली जायला सांगितलं.

त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी भाकरी घेऊन जायची, ते त्या खोक्याशेजारी बसून जेवायचे, माझ्याशी अक्काबद्दल बोलायचे. मग एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि डोक्यावर पावलं वाजली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वळून परत. एकसारखी पावलं, न दुखणाऱ्या गुडघ्यांची. त्यांच्यात कुठं 'शिवा' नव्हतं. मी परातीवर डोकं टेकून रडले.

गल्लीनं निदान करून टाकलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. अक्काचा मुलगा जीप घेऊन आला. त्यानं मालकांनी अंगावर चढवलेला पुठ्ठा काढला, तर ते जागचे हलेनात. शेवटी तो ठोकळ्या जीपच्या टपावर दोरीनं बांधला, तेव्हा कुठं आले. मालक आता काही सांगायचे नाहीत हे ओळखून पुनीला आम्ही आदल्या दिवशीच मामाकडून आणली होती. माझ्या पदराआडून बघत होती.

सगळी गल्ली निरोपाला जमली होती. आता लोक काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. मुल्लाभाभींनी पदर डोळ्याला लावून तोंड उघडलं, तेवढ्यात मी पुढं झाले. जीपच्या खिडकीशी गेले. ते समोर बघत बसले होते, हात गुडघ्यांवर. या माणसानं माझी पोर मला परत दिली होती, दोनदा. त्यांच्या पाया पडायचं, त्यांना दहीसाखर द्यायची, लवकर बरे होऊन या म्हणायचं, हे सगळं माझ्या घशाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"जा," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जा आता."

त्यांनी मान हलवली. ती मान त्यांनी हलवली की त्यानं, ते मी सांगू शकत नाही. जीप उताराला लागली, टपावरचे डोळे वळणापर्यंत आमच्याकडं बघत होते.

त्यानंतर आम्ही ते घर सोडलं, पुनीचं लग्न होऊन तिला मूल झालं, तरी त्या गल्लीत गेलं की बायका अजून मला ऐकवतात. असल्या देवमाणसाला भरल्या गल्लीत जा म्हणाली, काळीज आहे की दगड. मी हातातली पिशवी सावरून पुढं चालू लागते. पुनी रोज संध्याकाळी फोन करते आणि तासभर बडबडते. मध्येच एखाद्या वेळी बोलता बोलता थांबली, की मी श्वास धरून बसते, ती पुन्हा बोलेपर्यंत.